पितळेचे झीलकरी

जबलपूरला पितळी वाद्यांचे अप्रूप नाही. ग्रेनेडियर्स आणि जम्मू-काश्मीर रायफल्स यांची रेजिमेंटल केंद्रे याच शहरात आहेत, श्याम बँडचे नाव शहराबाहेरही घेतले जाते, आणि लग्नसराईत इथल्या गोरखपूर भागातल्या रस्त्यावरून वरात निघाली की पुढे बँड हवाच. मराठी माणसालाही ही वाद्ये परकी नाहीत. तंजावरच्या दुसऱ्या सरफोजीराजांनी तमिळ मुलखात युरोपीय धर्तीचा बँड बाळगला. त्यांची कारकीर्द 1832 मध्ये संपली, आणि टुबाचे पेटंट बर्लिनमध्ये झाले ते 1835 साली! तेव्हा मुलखाबाहेरच्या मराठी समाजाने पितळेवर आपली गाणी वाजवावीत का, याचा निकाल कधीच लागला आहे. कोणती वाजवावीत, एवढेच ठरवायचे उरते. आणि पंधरा-वीस हौशी वादकांच्या वृंदाने ती निवड यूफोनियम आणि टुबा या खालच्या सुरांच्या वाद्यांकडे बघून करावी, असे माझे मत आहे.

एरवी होते काय, तर चाल ट्रम्पेट-क्लॅरिनेटकडे जाते आणि खालच्या वाद्यांच्या वाट्याला नुसते ‘भूम-भूम’ येते. हौशी वादक त्यावर किती दिवस तालमीला येईल? आपल्याकडे याहून मानाची जागा तयार आहे. पोवाड्यात शाहिराची ओळ संपताच झीलकरी सूर उचलतात. भजनात बुवांमागून टाळकरी ध्रुपद घेतात. ही झील यूफोनियमला आणि ट्राँबोनला द्यावी. शिवाय काळी पाचला षड्ज धरला, तर बी-फ्लॅट यूफोनियमची एकही कळ न दाबता षड्ज आणि पंचम दोन्ही मिळतात, कारण बी-फ्लॅट म्हणजे पेटीतली काळी पाच. दोघांनी आळीपाळीने श्वास घेतला की तंबोऱ्यासारखा अखंड आधार तयार होतो.

कोणी म्हणेल, कळीच्या वाद्यावर मींड कुठून येणार? आक्षेप खरा आहे, म्हणूनच निवड महत्त्वाची. तानांनी भरलेले नाट्यगीत जड वाद्यांवर धापा टाकते. ठाय लयीतला अभंग, आरती, पोवाड्याची झील मात्र लांब, सरळ सुरांवर उभी असते. जिथे सूर ओढून न्यावाच लागतो, तिथे ट्राँबोनची सरकती नळी आहे. दुसरा आक्षेप असा की, श्रोत्यांना सिनेमाची गाणी हवी असतात. ती जरूर वाजवावीत, पण त्यांनाही हीच कसोटी लावावी: खालच्या वाद्यांना निदान एक ओळ स्वतःची मिळते का? पाश्चात्त्य स्वरमेळाशिवाय टुबा शोभत नाही, हा तिसरा आक्षेप. स्वरमेळ बसवता येत असेल तर उत्तम; पण रागाच्या वर्ज्य स्वरावर पाय पडणार असेल, तर नुसता खर्ज धरलेला बरा.

गावापासून दूर राहून कला जपायची, तर ती जपणाऱ्या प्रत्येकाला वाजवायला काहीतरी हवे. यंदाच्या गणेशोत्सवाची यादी करताना कार्यकर्त्यांनी पहिली विचारणा टुबावाल्याकडे करावी.