पत्रावळीची साक्ष

घरातील रोजच्या जेवणास कागदी ताट घ्यावे की धातूचे, हा प्रश्न आपल्या आजीपणजींपुढे कोणी मांडला असता तर त्यांनी तो थट्टेवारी नेला असता. लग्नमुंजीत, वनभोजनात, प्रवासात टाकाऊ ताटे येऊन आता बराच काळ लोटला आणि त्यांच्याविषयी लिहूनही पुष्कळ झाले आहे. परंतु स्वयंपाकघराच्या फडताळात त्यांची चळत कायमची जाऊन बसावी, आणि सोमवारच्या साध्या वरणभातालाही तीच खाली यावीत, हे दृश्य नवे आहे. आणि ते मडगाव-फोंड्याच्या सदनिकांतून दिसते तसेच बेळगाव, इंदूर, बडोदे, हैदराबाद येथील आपल्या घरांतूनही अधूनमधून दिसू लागले आहे. त्याबद्दल कोणी टोकलेच, तर मिळणारे उत्तर बहुधा ठरलेले असते. "आपले पूर्वज पानावरच जेवत ना? जेवले, पान टाकले, आचवले. आम्ही तेच करतो. फक्त पान कागदाचे."

हे उत्तर चतुर आहे. त्यात परंपरेचा आधार आहे, आणि परंपरेच्या आश्रयाला गेलेल्या सोयीविरुद्ध बोलण्यास आपल्या समाजात सहसा कोणी धजत नाही. परंतु न्यायालयात जुना निवाडा पुढे ठेवणाऱ्या वकिलास न्यायाधीश पहिला प्रश्न विचारतात तो हा, की त्या खटल्यातील वस्तुस्थिती आणि या खटल्यातील वस्तुस्थिती एकच आहे काय? ती भिन्न असेल तर निवाडा कितीही थोर असो, त्याचा उपयोग नाही. पत्रावळीला साक्षीस बोलावलेच आहे, तर तिची उलटतपासणीही होऊ द्यावी.

पहिली गोष्ट ही की, पान हे रोजचे भोजनपात्र सर्वांच्या घरी होते, हे गृहीतच तपासण्याजोगे आहे. चातुर्मासात जी अनेक व्रते आपल्याकडे घेतली जात, त्यांत पर्णभोजनाचे एक व्रत आहे: चार महिने ताट वर्ज्य करून पळसाच्या पानावर जेवायचे. आता व्रत म्हणजे नित्याचा त्याग. जो रोज पानावरच जेवतो त्याने पानावर जेवण्याचा नेम करण्यात कसले व्रत? नियमावाचून अपवादाला अर्थ नसतो. ज्या घरांतून हे व्रत घेतले जाई, त्या घरांतून नित्याचे पात्र ताट होते, याला याहून चांगला पुरावा कोणता हवा? पान होते ते सणाला, श्राद्धाला, समाराधनेला, पंक्तीला. म्हणजे जेथे जेवणारे पुष्कळ आणि ताटे मोजकी तेथे, किंवा जेथे विधीनेच पान सांगितले आहे तेथे. केळीच्या पानाचा शेंडा डाव्या हाताला यावा हे जिला लहानपणी शिकवले गेले, तिला ते सणाच्या दिवशीच शिकवले गेले. ज्यांच्या घरी दारिद्र्यामुळे रोज पानच होते, त्यांची गोष्ट वेगळी. त्यांचा दाखला कागदी ताटांची चळत विकत घेणाऱ्यांनी देऊ नये.

दुसरी गोष्ट पानाच्या पुढच्या गतीची. गोव्यातील कुळागर ज्यांनी पाहिले आहे त्यांना हे सांगावे लागत नाही. माडपोफळींच्या सावलीत वाढलेल्या केळीचे पान सकाळी कापले जाई, दुपारी त्यावर पंगत उठे, आणि संध्याकाळपर्यंत ते गुरांच्या पोटात किंवा उकिरड्यावर गेलेले असे. उकिरडा पुन्हा त्याच कुळागराच्या मुळाशी. पळसावडाच्या पत्रावळीची कथा थोडी लांब. पाने गोळा करायची, हिराच्या काड्यांनी टाचायची, दडपणाखाली सपाट करून सुकवायची, आणि वापरायच्या आधी त्यांवर पाणी शिंपडून मऊ करायची. इंदूर-ग्वाल्हेरकडे तेच काम माहुलाच्या वेलाच्या रुंद पानांवर होते. कोठेही पाहिले तरी टाकलेले पान "टाकले" असे म्हणणे ही केवळ बोलण्याची रीत. वस्तुतः ते परत केलेले असे.

कागदी ताट कोठे परत करायचे? येथे वस्तूची परीक्षा करावी लागते, आणि ती आपल्या जेवणाच्या संदर्भातच केली पाहिजे. आपले जेवण पातळ आहे. आमटी, सार, कढी, हुमण, सोलकढी, ताकभात, ही सारी कागदाची वैरिणी. नुसता कागद या जेवणापुढे दोन घासही तग धरणार नाही. म्हणून त्यावर प्लास्टिकचा पातळ पापुद्रा चिकटवावा लागतो. ज्याला आपण कागदाचे पान म्हणतो ते असे कागदाच्या पाठीचे आणि प्लास्टिकच्या पोटाचे आहे. त्या पापुद्र्यामुळे कागद धड कुजत नाही, आणि कागदामुळे प्लास्टिक धड वितळवून पुन्हा वापरता येत नाही. वर आमटीने माखलेले ताट रद्दीवालाही घेत नाही. उष्ण पदार्थांचे आणखी वेगळे. अशाच लेपाच्या कागदी पेल्यात 100 मिलिलिटर कढत पाणी 15 मिनिटे ठेवले असता त्यात सुमारे 25,000 सूक्ष्म प्लास्टिककण उतरतात, असे खरगपूरच्या आय.आय.टी.मधील संशोधकांनी 2020 साली दाखवून दिले. पेल्याचे जे, ते कढत आमटीच्या वाटीचे होत नसेल असे मानण्यास मला कारण दिसत नाही.

चार माणसांचे घर, दोन वेळचे जेवण, वर्षाचे 365 दिवस: 2,920 ताटे. वाट्या निराळ्या.

कायद्याने या बाबतीत काय केले आहे? केंद्र सरकारने 12 ऑगस्ट 2021 रोजी नियमांत दुरुस्ती केली आणि 1 जुलै 2022 पासून एकदाच वापरून टाकायची प्लास्टिकची ताटे, पेले, चमचे इत्यादींस मनाई झाली. महाराष्ट्राने 2018 च्या मार्चमध्येच प्लास्टिक व थर्मोकोलच्या ताटवाट्यांवर बंदी आणली होती. गोव्यात तर न कुजणाऱ्या कचऱ्याविषयीचा कायदा 1996 पासून आहे. परंतु कायद्याने दार लावले की व्यापार खिडकी शोधतो. प्लास्टिकचे ताट गेले, आणि प्लास्टिकचा लेप दिलेले कागदी ताट "कागद" या निरुपद्रवी नावाने त्याच फळीवर येऊन बसले. ते निषिद्ध की अनुज्ञेय यावर वाद घालता येईल. आणि तसा वाद घालून आमच्यापैकी काहींना फीही मिळेल. गृहिणीने मात्र त्या वादाच्या निकालासाठी थांबावे असे त्यात काही नाही.

पोफळीच्या विरीची ताटे हल्ली या सर्वांवरचा उतारा म्हणून पुढे केली जातात. ती दिसायला देखणी आहेत, कुजतात, आणि आपल्याच बागाईतदारांच्या हाताला काम देतात. मला त्यांच्याविषयी ममत्व आहे. तरी एवढे नमूद केले पाहिजे की, सुपारीतील नैसर्गिक अल्कलॉइडे या ताटांतून अन्नात उतरू शकतात या कारणास्तव अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 2025 साली त्यांच्यावर हरकत घेतली आहे. वर्षातून चार समाराधनांना त्यांवर जेवणाऱ्याने घाबरून जाऊ नये. रोज दोन वेळा जेवणाऱ्याने विचार करावा.

कागदी ताटाविषयी माझी आणखी एक तक्रार आहे. ती लहान आहे, पण गाळवत नाही. आपल्या ताटाला डावी बाजू आणि उजवी बाजू असते. मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर डावीकडे. भाजी, उसळ उजवीकडे. मध्ये भाताची मूद. वाढणाराच्या हाताला हे व्याकरण पाठ असते आणि जेवणारा न पाहता त्याप्रमाणे हात फिरवतो. कारखान्यातून आलेल्या ताटाला तीन खण असतात, आणि कोठे काय वाढायचे हे ताट ठोकणाऱ्या साच्याने ठरवलेले असते. चटणीच्या बोटभर जागेत भाजी कोंबली जाते आणि आमटी वाट पाहत बसते. (ताटाखालच्या मांजरानेही अशा लेच्यापेच्या ताटाखाली आश्रय घेतला नसता.)

परंतु हे सर्व बोलून झाले तरी मूळ मुद्दा शिल्लकच राहतो, आणि पत्रावळीची साक्ष काढणारे तो सांगत नाहीत. कागदी ताट घरात आले ते पूर्वजांच्या आठवणीने नव्हे. ते मोरीच्या कंटाळ्याने आले. (कोंकणी वाचकांनी येथे मासळी समजू नये; मराठीत मोरी म्हणजे भांडी घासण्याची जागा.) हा कंटाळा खोटा नाही. त्याचा उपहास करणे पुरुष लेखकांना तर मुळीच शोभत नाही. पितळेच्या भांड्यांचे दिवस आपण फार गोडव्याने आठवतो: राख, चिंच, नारळाचे सोडण, आणि दारात येणारा कल्हईवाला. तो नवसागराचा धूर आणि भांड्याच्या पोटात क्षणात फिरणारी ती रुपेरी झळाळी मीही लहानपणी डोळे विस्फारून पाहिली आहे. पण कल्हई उडाली की आंबट पदार्थ कळकतात हे ध्यानात ठेवण्याची जबाबदारी कोणाची होती? थंडीत पहाटे राखेत हात कोणाचे होते? आठवणी आमच्या आणि भेगा त्यांच्या, अशी ही वाटणी आहे. स्वातंत्र्यानंतरच्या दशकांत स्टेनलेस स्टीलचे ताट घरोघर पोचले, तेव्हा कल्हईही गेली आणि चिंचही गेली. त्या ताटाने आपल्या स्त्रियांवर जे उपकार केले त्यांची नोंद सुधारणेच्या इतिहासात कोणी फारशी घेतलेली नाही. तरी घासणे राहिलेच, आणि ते पूर्वी जिच्याकडे होते तिच्याकडेच राहिले.

म्हणून नोकरीवरून सात वाजता घरी येणारी सून कागदी ताटे मांडते तेव्हा तिला परंपरेचा पाठ देणारा सासरा मला त्या ताटांहून अधिक आक्षेपार्ह वाटतो. पाच जणांनी जेवून उठायचे आणि पाचांची ताटे एकीने घासायची, हा व्यवहार तिने मोडला तो योग्यच. फक्त मोडताना तो कचऱ्याच्या टोपलीत टाकला. त्याऐवजी ज्याचे ताट त्याने घासायचे, हा मार्ग खुला होता. गांधीजींच्या आश्रमांतून लहानथोर सर्वांना तो नियम होता, आणि त्यामुळे कोणाची विद्वत्ता कमी झाल्याचे ऐकिवात नाही. ताट लगेच विसळले तर तांब्याभर पाणी पुरते. भात वाळू दिला की घागर लागते. घरातील पुरुषांनी हा प्रयोग एक पंधरवडा करावा आणि मग पूर्वजांविषयी बोलावे.

पाण्याचा उल्लेख आलाच, तर एक सवलत मोकळेपणाने दिली पाहिजे. 2016 च्या उन्हाळ्यात मिरजेहून लातूरला आगगाडीने पाणी न्यावे लागले. अशा दिवसांत जो ताट न घासता कागदावर जेवला त्याच्याकडे बोट दाखवण्याचा अधिकार बारमाही विहिरीच्या धन्याला नाही. आजारपण, सुतक, घरात एकटे पडलेले म्हातारपण, यांनाही हीच सवलत. आपत्तीचे नियम आपत्तीपुरते असतात.

आता ज्या गोष्टीमुळे मी हा लेख लिहावयास बसलो ती. पान टाकून देण्यामागे स्वच्छता होती तशीच सोवळ्याओवळ्याची व्यवस्थाही होती. ज्याला घरातले ताट द्यायचे नसे त्याला अंगणात पान मांडले की प्रश्न मिटे; पान परत घ्यावे लागत नाही, त्याला आपला हात लावावा लागत नाही. आपल्या देवळांच्या पंक्तींनी हे पाहिले आहे आणि पुष्कळ काळ चालवले आहे. ते नाकारण्यात अर्थ नाही. पत्रावळीच्या साक्षीतला हा भाग तिला साक्षीस बोलावणारे वगळतात. पण कागदी ताटाने पूर्वजांकडून खरोखर काही घेतले असेल तर ते हेच. मी अशी घरे पाहिली आहेत जेथे घरची माणसे स्टीलच्या ताटात जेवतात, पाहुण्यांना काचेची बशी येते, आणि कागदी ताट व कागदी पेला निघतो तो त्या घरची भांडी घासणाऱ्या बाईसाठी. ती सर्वांची ताटे घासते. तिच्या ताटाला मात्र घासण्याचा मान नाही. पूर्वी तिचा कप वेगळा, कान तुटलेला, खिडकीच्या कट्ट्यावर पालथा असे. तो निदान दिसत होता, आणि एखाद्या मुलाने तो वेगळा का म्हणून विचारण्याची भीती होती. कागदाने तीही भीती घालवली. विचारणाऱ्याला "हायजीन" हा शब्द ऐकवला की काम भागते.

1955 च्या ज्या कायद्याला 1976 पासून नागरी हक्क संरक्षण कायदा म्हणतात, त्यात अस्पृश्यतेच्या कारणावरून उपाहारगृहातील वा धर्मशाळेतील भांडी कोणास वापरू न देणे हा गुन्हा ठरवला आहे. ते कलम सार्वजनिक जागांतील भांड्यांविषयी आहे. खाजगी स्वयंपाकघराच्या फडताळापर्यंत ते पोचत नाही, आणि पोचावे असे मी म्हणणारही नाही. तेथे सहावे ताट आणून ठेवायला कायदा लागत नाही. भांड्यांच्या दुकानात ते वजनावर मिळते, आणि पैसे घेताना दुकानदार विचारतो, नाव कोणाचे घालायचे?