साभार पोच

मासिकांच्या शेवटच्या पानांत 'साभार पोच' नावाची एक चौकट असते. अभिप्रायासाठी आलेली, पण ज्यांच्यावर अभिप्राय लिहायला कुणी धजत नाही, अशी पुस्तकं तिथे नावानिशी पुरली जातात. लेखकाला पुस्तक पोचल्याचं समाधान आणि संपादकाला ते वाचावं न लागल्याचं. आमच्या स्वयंपाकघरात ओट्यावरच्या कपाटाचा सर्वांत वरचा कप्पा ही अशीच एक चौकट आहे. तिथे चहा राहतात. 'चहा' या शब्दाचं अनेकवचन करायची वेळ माझ्या आजीवर कधी आली नाही. तिच्या घरात एकच चहा होता आणि तो बिस्किटांच्या जुन्या डब्यात होता. आमच्याकडे परवा मोजदाद केली तेव्हा २७ निघाले.

यातला एकही आम्ही विकत आणलेला नाही. हल्ली भेट द्यायची वस्तू वजनाला हलकी आणि दिसायला भारी लागते, आणि या कसोटीला वासाच्या चहाइतकं दुसरं काही उतरत नाही. परदेशातून येणाऱ्या मुलाच्या बॅगेत चॉकलेटं भरून झाल्यावर जी फट उरते ती चहाच्या खोक्याच्या मापाचीच असते. दिवाळीला सुक्या मेव्याचे भाव चढले की चहाचे डबे फिरू लागतात. एक डबा तर दोन-तीन घरं हिंडून आमच्याकडेच परत आला. तो आमचाच होता हे कळलं ते त्याच्या बुडाला हिच्या अक्षरात 'पाहुण्यांसाठी' अशी चिठ्ठी होती म्हणून. कुणालाही ती चिठ्ठी काढावीशी वाटली नव्हती, कारण ती सगळ्याच घरांना लागू पडत होती.

यंदा दिवाळीच्या साफसफाईआधी हिने फर्मान काढलं, "अहो, एक तर प्या, नाही तर कप्पा मोकळा करा." तेव्हा मी रोज दुपारी चार वाजता एक डबा उघडून त्याचं रीतसर परीक्षण करायचं ठरवलं. सकाळचा चहा या योजनेतून वगळला. आलं ठेचून, दूध घालून, वर येईपर्यंत उकळलेला तो चहा हा समीक्षेचा विषय नाही. तो प्यायल्याशिवाय समीक्षा सुचतच नाही.

परीक्षणाला शास्त्र हवं. चहा चाखण्यासाठी कसा करावा याचं चक्क एक आंतरराष्ट्रीय मानक आहे, १९८० सालचं. १०० मिलिलिटर पाण्याला २ ग्रॅम पत्ती, उकळतं पाणी, चिनीमातीचं झाकणाचं भांडं, आणि ६ मिनिटं. ब्रिटिश मानक संस्थेचं याच विषयावर सहा पानांचं पत्रक आहे आणि त्याला १९९९ साली इग्नोबेल हे गमतीचं पारितोषिक मिळालं, तेही साहित्यासाठी! चहाचा आणि साहित्य-समीक्षेचा संबंध मी ओढूनताणून लावत नाही, हे वाचकांच्या लक्षात यावं म्हणून सांगितलं.

आणखी एक गोष्ट या शास्त्रात मला फार आवडली. चहाच्या मळ्यांतले आणि लिलावातले पगारी चवदार चमचाभर चहा तोंडात घेताना खच्चून भुरका मारतात. चहाबरोबर हवा आत गेली की वास नाकाच्या मागच्या बाजूला पोचतो, आणि आपण ज्याला चव म्हणतो त्यातली निम्मी गंमत तर वासाचीच असते. लहानपणी बशीतला चहा याच पद्धतीने पिण्याबद्दल मी पाठीत धपाटे खाल्ले आहेत. मात्र ते लोक चाखलेला चहा पिंकदाणीत थुंकतात. ती सोय आमच्याकडे मागितली तेव्हा हिने ज्या नजरेने पाहिलं, त्यानंतर मी २७ च्या २७ चहा गिळले.

पहिला धक्का बसला तो हा की २७ पैकी ९ डब्यांत चहाचं पान औषधालाही नव्हतं. चहा म्हणजे एका विशिष्ट झुडुपाचं पान; काळा, हिरवा, पांढरा हे सगळे त्याच झुडपाचे अवतार. बाकीच्यांनी नुसतं नाव लावलेलं. तसं म्हटलं तर आपला गवती चहाही गवतच, पण तो बिचारा आडनावातच ते कबूल करतो. कॅमोमाइल हे शेवंतीच्या कुळातलं फूल. वाळवून गरम पाण्यात घातलं की पूजेच्या दुसऱ्या दिवशीचं तबक आठवतं. त्याने शांत झोप लागते म्हणतात. लागली. पण ती दुसरा कप समोर दिसल्यामुळेही असेल. रूइबॉस हे दक्षिण आफ्रिकेतल्या सेडरबर्ग डोंगरांतलं झुडूप. नुसत्या पाण्यात त्याला ओल्या सुतळीचा वास येतो, पण तिकडच्या लोकांसारखं दूध-साखर घालून प्यालं तर रात्री नऊनंतरच्या चहाची तल्लफ भागते. पुदिन्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही, तो पुदिना आहे.

या नऊंत सर्वांत रुबाबदार होता 'हिबिस्कस'. मखमली खोका, आत रेशमी पिशव्या, कपात ओतलं की माणकासारखा रंग. वेष्टणावर जास्वंदीचं भलंमोठं चित्र. हिने एक घोट घेतला, ओठ मिटले आणि म्हणाली, "ही अंबाडी आहे." मी शास्त्राचा आधार घेतला तर हिचंच खरं निघालं! हा चहा देवाला वाहायच्या जास्वंदीचा नसतोच; त्याच कुळातल्या लाल अंबाडीच्या बोंडांच्या पाकळ्यांचा असतो. इजिप्त-सुदानकडे हेच 'करकदे' म्हणून थंड करून आवडीने पितात. हिने त्यात गुळाचा खडा आणि चिमूटभर मीठ टाकलं आणि त्या कपाचं एकदम सार झालं. अभिप्राय : उत्तम, पण भाताबरोबर.

आता जे खरोखर चहा होते त्यांच्याकडे वळू. एक गट फळांचा आणि पक्वान्नांचा. स्ट्रॉबेरी आणि साय, व्हॅनिला आणि बदाम, आंबा आणि पीच. डबा उघडला की खोली भरून वास. मला तो वास ओळखीचा वाटत होता, पण नाव सापडेना. तिसऱ्या दिवशी सापडलं : ऐंशीच्या दशकात मुलांच्या कंपासपेटीत सुवासिक खोडरबर असायचे, ते! त्या खोडरबरांसारखीच यांचीही गोष्ट आहे. वास घेतला की चावावंसं वाटतं आणि चावलं की रबर. नाकाने ऐकलेलं जिभेपर्यंत पोचतच नाही. स्ट्रॉबेरी कपाच्या वर तरंगते आणि खाली कुठल्या तरी मळ्यातली उरलेली भुकटी कडवट तोंड करून बसलेली असते. मान्यवरांची दहा पानी प्रस्तावना लाभलेला कवितासंग्रह वाचावा आणि प्रस्तावना संपल्यावर पुढे काहीच नसावं, तसा प्रकार. बाटलीतून अर्क शिंपडून चहा सुवासिक करण्याला माझी तत्त्वतः हरकत नाही. पण वास हा चहाला असावा, चहाच्या ऐवजी नसावा.

अर्काला हरकत का नाही, तर अर्ल ग्रेमुळे. यातही तेलच शिंपडतात, बर्गमॉट नावाच्या लिंबाच्या सालीचं. ही फळं मुख्यतः इटलीच्या कॅलाब्रिया भागात होतात. मोसंबीची साल नखाने दाबली की जो बारीक तुषार उडतो, त्याचा थोरला भाऊ म्हणजे हा वास. काळ्या चहाच्या तुरटपणाशी त्याचं चांगलं जमतं, दोघंही आपापल्या जागी राहतात. आमच्याकडे अर्ल ग्रेचे चार डबे निघाले. एक अप्रतिम, दोन बरे, आणि चौथा पिताना आपण अभ्यंगस्नान करतो आहोत असं वाटत राहिलं. ज्याचं नाव या चहाला आहे ते ग्रेसाहेब १८३० ते १८३४ ब्रिटनचे पंतप्रधान होते. १८३२ चा निवडणूक सुधारणेचा कायदा त्यांच्या सरकारचा, गुलामगिरी बंद करणारा १८३३ चा कायदाही त्यांच्याच सरकारचा. ईस्ट इंडिया कंपनीची चीनच्या चहाच्या व्यापारातली मक्तेदारी संपली ती याच काळात. इतकं करून माणूस लोकांच्या तोंडी राहिला तो चहाच्या खोक्यामुळे. कुणा चिनी अधिकाऱ्याने त्यांना ही कृती भेट दिली वगैरे कथा खोक्यांवर छापतात. तिला पुरावा नाही. पण प्रत्येक चांगल्या चहाला एखादी थाप लागतेच.

एका डब्याबद्दल तर मी दोन दिवस गोंधळात होतो. लेबलावर दार्जिलिंग आणि व्हॅनिला, पण कपातून येणारी चव थेट फोडणीच्या वरणाकडे नेणारी. मग उलगडलं : त्याची कागदी पुडी चार वर्षं हिंगाच्या डबीला खेटून होती. चहाचं पान हे आळूसारखं निर्लेप नाही. आळूच्या पानावर पाणी ठरत नाही, आणि चहाच्या पानावर शेजाऱ्याचा वास बसला की उठत नाही. याच एका गुणावर सुवासिक चहाचं सगळं शास्त्र उभं आहे. शेजार मोगऱ्याचा मिळाला तर एक गत होते, हिंगाचा मिळाला तर दुसरी.

चीनच्या फूच्यान प्रांतात वुई डोंगराच्या भागात या गुणाला धुराची संगत देतात. पाइनच्या लाकडाच्या धुरावर वाळवलेला तो 'लापसांग सूचोंग'. डबा उघडला आणि मी क्षणभर आजोळी पोचलो. मागच्या पडवीत बंब पेटलेला, डोळे चुरचुरताहेत आणि कुणी तरी पाणी तापल्याची हाक मारतंय. ही मात्र लांबूनच म्हणाली, "धुरकटलाय. ओतून द्या." लाकडावरच्या चहाला धूर लागला म्हणून तिच्या माहेरी आख्खं पातेलं मोरीत ओतलेलं तिने पाहिलंय, तोच चहा हवाई जहाजाने येतो हे तिला पटवणं माझ्या आवाक्याबाहेरचं आहे. मी तो सगळा एकट्याने संपवला. उलट जपानच्या गेनमाइचाने हिची मर्जी पहिल्याच घोटात जिंकली. हिरवा चहा आणि त्यात भाजलेले तांदूळ. काही दाणे फुटून त्यांच्या लाह्या झालेल्या. "यात पोट भरायची सोय आहे," हा तिचा अभिप्राय मी जसाच्या तसा वहीत उतरवला.

आणि मग मोगरा. खोक्यावर 'जस्मिन' छापलेलं असलं की आपण जाई-जुई म्हणतो, पण चिनी लोक चहाला वापरतात तो आपला गजऱ्याचाच मोगरा. फूच्यानमधलं फूचौ शहर या चहासाठी प्रसिद्ध. दुपारी कळ्या खुडतात, कारण मोगरा उमलतो रात्री. त्या रात्री उमलत्या कळ्या आणि चहाची पानं एकत्र ठेवतात. रात्रभर फूल श्वास सोडतं आणि पान तो घेतं. सकाळी फुलं चाळून काढून टाकतात, चहा वाळवतात आणि पुढे पुन्हा ताजी फुलं. चांगल्या चहाला अशा कितीतरी रात्री देतात. आपल्याकडे तिळांना चमेलीच्या फुलांचे थर देऊन तेल काढायची पद्धत होती, तसंच हे. गंमत अशी की इतका खटाटोप करून झाल्यावर उत्तम चहात फूल दिसतच नाही. ज्या डब्यात वाळक्या पाकळ्यांची रास दिसते तिथे मी सावध होतो. समीक्षेतही अवतरणांची रास दिसली की होतो.

मोगऱ्याचे तीन डबे होते. दोन संपवले, त्यातला एक या २७ जणांत सर्वश्रेष्ठ. तिसरा हिने मागे मागे सारत शेवटच्या दिवसापर्यंत नेला. तो हिच्या थोरल्या बहिणीने २०१६ साली चीनच्या सहलीहून आणलेला. ताई २०२० साली गेल्या. डब्याचं सील तसंच होतं. शेवटच्या दिवशी चार वाजता हिने तो स्वतःच टेबलावर आणून ठेवला आणि स्वतःच उघडला. आठ-नऊ वर्षांत वास बहुतेक निघून गेला होता. गरम पाणी पडलं तेव्हा एक श्वासभर काही तरी आलं, आणि गेलं. ही संपूर्ण कप प्यायली. एरवी प्रत्येक घोटाला शेरा मारणारी बाई एक अक्षर बोलली नाही. मग म्हणाली, "ताई रात्री गजरा ओल्या फडक्यात गुंडाळून माठाशी ठेवायची. सकाळी शाळेत जाताना अर्धा तोडून मला द्यायची." त्या दिवशी वहीत मी फक्त तारीख लिहिली. डबा पुन्हा वरच्या कप्प्यात गेला.

बाकीचे संपले, वाटले गेले, हिंगाचा दार्जिलिंग कुंडीत गेला. कप्पा मात्र मोकळा झालेला नाही, कारण डबे फेकायचे नाहीत असा दुसरा हुकूम निघाला. इतके देखणे, घट्ट झाकणाचे डबे! अर्ल ग्रेमध्ये आता मोहरी आहे, गेनमाइचात मेथी, आणि धुराच्या डब्यात लाल तिखट. जुनी नावं मात्र टिकली आहेत. परवा भाची स्वयंपाकाला मदत करत होती, तिला ही सांगत होती, "अगं, तेल तापलं की अर्धा चमचा अर्ल ग्रे टाक, आणि तडतडू दे."

त्याच संध्याकाळी मुलाचा फोन आला. डिसेंबरात येतोय. "आई, या वेळी कुठला चहा आणू?"

"कुठलाही आण रे," ही म्हणाली, "किलोभर डाळ मावेल अशा डब्यातला."