'भोक पाडा' म्हणजे नेमके काय?

विज्ञान प्रदर्शनासाठी लाकडी शर्यतगाडी कशी करावी, हे सांगणारी पत्रके आणि उपक्रम-पुस्तिका मी बऱ्याच पाहिल्या आहेत. गाडीचा आकार, रंग, चाकांचा व्यास यांवर त्यांत भरपूर मजकूर असतो. मग एक वाक्य येते : 'आसांसाठी ठोकळ्यात आरपार दोन भोके पाडावीत.' लगेच पुढचा मुद्दा. माझी तक्रार या एका वाक्याबद्दल आहे. ते लिहिणाऱ्याने लाकडात हाताने भोक कधी पाडलेले नसावे.

काही वर्षांपूर्वी बीड जिल्ह्यातल्या एका प्रदर्शनात मी परीक्षक होतो. आईवडील ऊसतोडीला गेले की मुले गावातल्या हंगामी वसतिगृहात राहतात. तशाच एका मुलाने बाभळीच्या ठोकळ्याची गाडी आणली होती. सायकलच्या चाकातल्या तारेचे आस, बाटल्यांच्या झाकणांची चाके. उतरत्या फळीवर सोडली, की ती हातभर जाऊन डावीकडच्या पट्टीला घासे आणि रखडे. शेजारची, विकतच्या संचातून जोडलेली गाडी सरळ खाली आली. आम्ही शेरा लिहिला, 'घर्षण जास्त', आणि गुण कापले. परतताना एस.टी.त माझ्या लक्षात आले, की चाके बोटाने फिरवल्यावर छान फिरत होती. पट्टीला घासणे हा परिणाम होता. कारण भोकात होते.

थोडा हिशेब करू. ठोकळा ५० मिलिमीटर रुंद आहे. पुढचे भोक अचूक पडले, मागचे मात्र दुसऱ्या बाजूला २ मिलिमीटर पुढे निघाले. म्हणजे ०.०४ रेडियन, सुमारे सव्वादोन अंशांची तिरपाई. ती डोळ्यांना जाणवतही नाही. दोन आसांत १०० मिलिमीटर अंतर असेल, तर त्यांच्या रेषा वाढवल्यावर १०० भागिले ०.०४, म्हणजे अडीच मीटरवर एकमेकींना भेटतात. चाके बाजूला घसरली नाहीत, तर गाडी त्या बिंदूभोवती वर्तुळात फिरू पाहणार. १ मीटर चालून ती सुमारे २० सेंटिमीटर बाजूला जाईल, २ मीटरला जवळजवळ ७५. चाकांना कितीही वंगण लावा, हे बदलणार नाही.

यात एक गंमत आहे. दोन्ही भोके सारखीच तिरपी असती, तर गाडी सरळ गेली असती. ठोकळा तेवढा वाकडा दिसला असता. म्हणजे मागणी 'काटकोनात भोक' ही नसून 'दोन समांतर भोके' ही आहे. आठवीच्या भूमितीतली समांतर रेषांची व्याख्या इथे हातात घेऊन पाहता येते. त्या मुलाने जन्मभर बैलगाड्या पाहिल्या असतील; पण बैलगाडीला आस एकच. दोन आस जुळवण्याचा प्रश्न तिथे उद्भवतच नाही. तो त्याला कोणी सांगायला हवा होता, आणि पत्रकाने तो सांगितला नाही.

भोक तिरपे का जाते? टोक लाकडावर टेकताना सरकते, म्हणून आधी खिळ्याने खूण ठोकावी. आत गेल्यावर ते कठीण रेषेवरून ढळून मऊ भागाकडे वळते; खोक्यांच्या देवदारी फळीत हे फार होते. म्हणून एका बाजूने आरपार न जाता ठोकळ्याच्या दोन्ही अंगांवर गुण्याने आखून निम्मे-निम्मे भोक पाडावे. चूक उरली तरी ती मध्यात लपते, तोंडे जागच्या जागी राहतात. गुण्या मात्र दोन्ही वेळा ठोकळ्याच्या एकाच कडेला लावावा. याहून सोपे म्हणजे भोक पाडूच नये : बुडाला करवतीने दोन खाचा घ्याव्यात आणि आसावर नीट बसेल अशी नळी त्यांत चिकटवावी. गोंद ओला असताना नळी हलवून जुळवता येते. भोकाला ही सवलत नाही.

अमेरिकेत १९५३ साली डॉन मर्फी यांनी कॅलिफोर्नियात बालवीरांसाठी अशा लाकडी गाड्यांची शर्यत सुरू केली. आज तिच्या अधिकृत संचात ठोकळ्याला आसांच्या खाचा पाडूनच येतात. मुलाने खिळ्याचे आस ठोकायचे. म्हणजे तिथे समांतरपणा बराचसा संचाबरोबर विकत मिळतो. आपल्याकडे विकतच्या संचाची आणि हातच्या कामाची गाडी एकाच फळीवर सोडून एकाच रकान्यात गुण देतात. हे मला अन्यायाचे वाटते, आणि विज्ञान म्हणूनही ते कच्चे आहे.

परीक्षकाला दोन गोष्टी दोन मिनिटांत करता येतात. गाडीच्या डाव्या आणि उजव्या बाजूला पुढच्या-मागच्या चाकांमधले अंतर पट्टीने मोजावे. वरच्या उदाहरणात चाकांपर्यंतची रुंदी धरून दोन मिलिमीटरांहून जास्त फरक सापडेल. आणि सपाट फरशीवर गाडी ढकलावी, मग तोंड फिरवून उलट दिशेने ढकलावी. दोन्ही वेळा ती त्याच भिंतीकडे वळली, तर उतार फरशीला आहे. दोन्ही वेळा स्वतःच्या डावीकडे वळली, तर दोष आसांचा.

त्या दिवशी माझ्या खिशात पट्टी होती. ती काढली असती, तर त्या मुलाला शेऱ्याऐवजी दोन आकडे मिळाले असते, आणि पुढच्या गाडीचे भोक कुठे सरकवायचे ते त्याचे त्याला कळले असते.