फुलर यांचा न्यू मॅड्रिड-वृत्तांत

मायरन फुलर यांचा न्यू मॅड्रिड भूकंपावरील वृत्तांत अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेने १९१२ साली प्रसिद्ध केला, तेव्हा १८११-१२ च्या उत्पातास शतक लोटले होते. प्रत्यक्षदर्शी हयात नसताना भेगा, वाळूचे उद्रेक, खचलेले प्रदेश, रीलफूट सरोवर यांची फुलर यांनी केलेली नोंद आजही बारकाईने वाचावी अशी आहे. विशेष म्हणजे, १८११ पूर्वीच्या भेगा व त्यांत वाढलेले जुने वृक्ष त्यांनी हेरले. तेथे पूर्वीही मोठे भूकंप झाले असावेत, हे त्यांवरून निघणारे अनुमान पुढे वाळूथरांच्या कालनिर्णयाने खरे ठरले, इ. स. ९०० व १४५० च्या सुमाराचे भूकंप आता मान्य झाले आहेत.

कारणमीमांसा मात्र तोकडी पडते. मिसिसिपीच्या गाळाखालील प्राचीन खचदरी १९७० च्या दशकातील गुरुत्व व चुंबकीय मापनांनी उघड झाली. फुलर यांस ती दिसणे शक्यच नव्हते. तथापि खचदरी सापडली म्हणजे प्रश्न सुटला, असे मानणे उतावीळपणाचे होय. (किल्लारीच्या १९९३ च्या भूकंपानंतर दख्खनच्या अभ्यासकास हे निराळे सांगावयास नको.) उपग्रहाधारित मापनांत तेथील भूपृष्ठाची हालचाल अत्यल्प आढळते, आणि ताण कसा साठतो याविषयी मतैक्य नाही. मेंफिसच्या धोक्याचे गणित त्यामुळे अद्यापही बव्हंशी वाळूच्या पुराव्यावरच बेतावे लागते.