सायकलचें प्रचारवाङ्मय आणि त्याचा अधिकारी

आमच्या बल्लारपुरांत सायकलप्रेमी तरुणांचें एक लहानसें मंडळ आहे. ३ जून हा जागतिक सायकलदिन. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनें तो २०१८ सालीं ठरवून दिला. त्या निमित्तानें ह्या मंडळानें घोषवाक्यांची व छोट्या निबंधांची स्पर्धा ठेविली आणि परीक्षक म्हणून साऱ्या कागदांचा गठ्ठा माझ्या टेबलावर आणून टाकला. इंग्रजी वाङ्मय शिकविण्यांत आयुष्य घालविलेल्या माणसाला परीक्षणाचें काम नवें नाहीं. परंतु गठ्ठा वाचून होतांच मनांत असें आलें कीं, सायकलच्या प्रचाराचें जें वाङ्मय आज शहरोशहरीं भिंतींवर, पत्रकांत, अहवालांत आणि भाषणांत पसरलें आहे, त्याचाच हा एक प्रामाणिक नमुना आहे. तेव्हां इतर वाङ्मयाची करतों तितक्याच कसोशीनें त्याचीही परीक्षा कां करूं नये?

आपल्या जुन्या शास्त्रकारांनीं कोणत्याही ग्रंथास आरंभींच चार प्रश्न विचारण्याची शिस्त घालून दिली आहे : विषय कोणता, प्रयोजन काय, ग्रंथाचा विषयाशीं संबंध कसा, आणि अधिकारी, म्हणजे ज्याच्यासाठीं ग्रंथ रचला तो वाचक, कोण? ह्या अनुबंधचतुष्टयाच्या कसोटीवर घोषवाक्यासारखी चार शब्दांची कृति घांसणें कोणास विनोदी वाटेल. पण लहान कृतींतच लेखकाची दृष्टि लवकर उघडी पडते.

विषय सायकल, हें उघड आहे. प्रयोजन म्हणून आरोग्य, स्वच्छ हवा आणि पेट्रोलची बचत हीं तीन पुनःपुन्हां सांगितलीं आहेत, आणि त्यांत खोटें असें कांहींच नाहीं. मात्र बहुतेक सर्व क्रियापदें आज्ञार्थीं आहेत : चालवा, टाळा, वांचवा. आज्ञा केवळ स्वाराला आहे. रस्ता, वळण, उजेड, मोटारीचा वेग हे शब्द मला क्वचितच आढळले. जणूं सायकल ही रस्त्यावरून न चालतां चालविणाऱ्याच्या सद्गुणावरून चालते!

आतां अधिकारी कोण? 'मोटार सोडा', 'आठवड्यांतून एक दिवस तरी सायकलवर या' हें आर्जव ज्याला आहे तो गृहस्थ माझ्या चांगल्या ओळखीचा आहे, तो मीच. विद्यार्थिदशेंतील माझी सायकल नोकरींत स्थिरावतांच अडगळींत गेली; आधीं स्कूटर, मग मोटार दारीं आली. ज्यानें सायकल सोडली आहे आणि ज्याला ती पुन्हां घेण्याची वा न घेण्याची मुभा आहे, त्याच्यासाठींच हें वाङ्मय लिहिलेलें आहे. ज्यानें ती कधीं सोडलीच नाहीं त्याचें नांव त्यांत नाहीं.

हें माझ्या ध्यानांत आलें तें पुस्तकावरून नव्हे. तो गठ्ठा काखेंत घेऊन मी संध्याकाळीं बाहेर पडलों तेव्हां पाळी सुटली होती. बल्लारपूर हें कागदाचें आणि कोळशाचें गांव. हँडलला डबे अडकविलेले कामगार रस्त्याच्या कडेनें चालले होते. पुष्कळांच्या सायकलींना दिवा नव्हता. मागून मालमोटारीचा भोंगा वाजला कीं ते डांबर सोडून खालच्या मातींत उतरत आणि ती गेल्यावर पुन्हां वर चढत. परिचयाचे एक वयस्क कामगार मला पाहून थांबले व हातांतील कागद कसले म्हणून त्यांनीं विचारलें. मीं दोन घोषवाक्यें वाचून दाखविलीं. ते हंसले आणि म्हणाले, "आमाले सायकल चालवा म्हून काहाले सांगता जी? थे तं आमी चालवतोच. त्या टरकवाल्याईले सांगा नं!"

ह्या एका वाक्यानें गठ्ठ्यावरील माझा अभिप्राय बदलला. हे गृहस्थ एकटे नाहींत. २०११ च्या जनगणनेंत शेती व घरगुती उद्योग वगळून इतर कामांवर जाणाऱ्यांच्या प्रवासाचें साधन विचारलें होतें; त्यांतील शंभरांपैकीं तेरा जण, म्हणजे सुमारें अडीच कोटींहून अधिक माणसें, सायकलनें कामावर जात होतीं. पर्यावरणाची सेवा म्हणून ते निघालेले नव्हते. बहुतेकांचें पोट त्या दोन चाकांवर होतें. आणि २०२२ ह्या एका वर्षांत देशांतील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसें मृत्यु पावलीं, त्यांत साडेचार हजारांवर सायकलस्वार होते. ज्या प्रचारांत ह्या लोकांचा उल्लेख नाहीं, तो सायकलचा प्रचार म्हणावा काय?

दोष एकट्या घोषवाक्यांचा नाहीं. तो आपल्या रोजच्या गद्यांतही मुरला आहे. वर्तमानपत्रांत आपण वाचतों, 'सायकलस्वार ट्रकखालीं आला', 'मोटारीखालीं सांपडून मृत्यु'. ह्या वाक्यांचा कर्ता पाहा. जो मेला तोच 'आला', तोच 'सांपडला'. मालमोटार बिचारी अधिकरणांत स्वस्थ उभी आहे, आणि चालकाला तर वाक्यांत जागाच नाहीं. वेग, अंधार, तुटलेली साइडपट्टी ह्यांचाही पत्ता नाहीं. व्याकरण निरपराध असतें असें आपण समजतों. पण जें व्याकरण रोज सकाळीं मृतालाच क्रियेचा कर्ता करतें, तें वाचणाऱ्याला नकळत एक निवाडा शिकवितें. मग उपायही तसाच सुचतो : स्वारानेंच जपून चालवावें.

ह्याच्या उलट एक उदाहरण हॉलंडचें आहे. आज तो देश सायकलींचें माहेरघर म्हणून सांगितला जातो. परंतु दुसऱ्या महायुद्धानंतरच्या दशकांत तेथेंही मोटारींनीं सायकलींना रस्त्यावरून रेटलें होतें. १९७१ सालीं त्या लहानशा देशांत तीन हजारांहून अधिक माणसें रस्त्यावर मेलीं, आणि त्यांत चारशेंहून अधिक मुलें होतीं. व्हिक लांगेनहॉफ ह्या पत्रकाराची मुलगी सायकलनें शाळेला जातांना गेली. त्यानें १९७२ सालीं लिहिलेल्या लेखाच्या मथळ्याचा अर्थ होता, 'ही बालहत्या थांबवा'. तोच मथळा पुढें एका चळवळीचें नांव झाला. आयाबापांनीं रस्ते अडविले, मुलांना खेळण्यासाठीं गल्ल्या मोटारींना बंद केल्या, नगरपालिकांना नकाशे काढून दिले. टीकाकाराच्या दृष्टीनें महत्त्वाचें तें हें कीं, त्यांनीं 'अपघात' हा शब्द नाकारला. तो शब्द नाकारतांच कर्ता शोधणें भाग पडलें. 'मुलांनो, जपून चालवा' अशी पाटी लावून ती चळवळ थांबली असती, तर तिचें नांवही आज आपल्या कानीं आलें नसतें.

सायकलस्वारांच्या संघटना मुळांत उपदेशासाठीं जन्मल्याच नव्हत्या. इंग्लंडांत सायकलप्रवाशांचा संघ १८७८ सालीं निघाला, आणि १८८६ सालीं सायकलवाल्यांनींच रस्ते-सुधारणेची एक संस्था उभी केली. खडबडीत रस्ता नीट करून घेणें ही त्यांची मागणी होती. पुढें त्याच गुळगुळीत रस्त्यांवर मोटारींनीं आपली मालकी सांगितली, हा इतिहासाचा विनोद बाजूला ठेवूं.

आपल्याकडे ह्या परंपरेशीं नातें सांगणारी कृति म्हणून पुणें शहराच्या सायकल-आराखड्याकडे बोट दाखवितां येईल. एके काळीं सायकलींचें शहर म्हणून गाजलेल्या पुण्यानें डिसेंबर २०१७ मध्यें तो मंजूर केला. त्यामागें 'परिसर'सारख्या संस्थांचा व अनेक स्वयंसेवकांचा दीर्घ पाठपुरावा होता. वाङ्मय म्हणून तो आराखडा रुक्ष आहे. परंतु त्याचा विषय, प्रयोजन आणि अधिकारी एकमेकांशीं जुळतात. तो सलग मार्ग, चौकांतील सुरक्षितता, सायकल ठेवण्याची जागा ह्यांविषयीं बोलतो. म्हणजे आज्ञा स्वाराला नसून रस्त्याला आहे. त्यानंतर काय झालें हें पुणेंकर जाणतात. भाड्याच्या रंगीत सायकली मोठ्या उत्साहानें आल्या आणि थोड्याच काळांत दिसेनाशा झाल्या. मार्ग जेथें झाले तेथें ते मधेंच तुटतात, आणि त्यांवर दुचाक्या उभ्या असतात. शहाणा दस्तऐवज स्वतः रस्ता बांधीत नाहीं. तो हातीं धरून रोज चौकांत उभा राहणारा नागरिक त्याला लागतो.

येथें एक आक्षेप येईल आणि तो वजनदार आहे. कोणी म्हणेल, सुखवस्तु लोकांना सायकलवर आणल्याखेरीज रस्ता सुधारणार नाहीं. ज्यांच्या शब्दाला कचेरींत मान आहे त्यांनाच खड्डा लागला पाहिजे. शिवाय सायकलस्वारांची संख्या वाढली कीं प्रत्येकाचा धोका घटतो, कारण मोटारवाल्याची नजर त्यांस सरावते. ह्या अर्थाचें संशोधन २००३ सालीं प्रसिद्ध झालें असून त्याची चर्चाही पुष्कळ झाली आहे. हा आक्षेप मला मान्य आहे, परंतु एका अटीवर. रविवारीं पहाटे शिरस्त्राण घालून, रस्ता मोकळा असतांना तीस कोस जाऊन येणारा स्वार आणि रात्रीं पाळी सुटल्यावर दिव्याविना घरीं परतणारा स्वार एकाच वेळीं एकाच रस्त्यावर येतच नाहींत. पहिल्याच्या संख्येचा लाभ दुसऱ्यास मिळावयाचा तर पहिल्यानें दुसऱ्याच्या वेळेला घराबाहेर पडलें पाहिजे.

प्रयोजनाचीही अशीच फेरतपासणी व्हावयास हवी. तामिळनाडूंतील पुदुकोट्टै जिल्ह्यांत १९९१-९२ च्या सुमारास साक्षरतेच्या मोहिमेबरोबर हजारों स्त्रिया सायकल शिकल्या. त्यांना रक्तदाबाची चिंता नव्हती. बसची व घरांतील पुरुषाची वाट न पाहतां बाजार, विहीर आणि वर्ग गांठावयाचा होता. बिहारमध्यें २००६ पासून माध्यमिक शाळेंतील मुलींना सायकलीसाठीं पैसे मिळूं लागले, आणि पुढें झालेल्या अभ्यासांत त्यांची पटावरील संख्या जवळजवळ एक तृतीयांशानें वाढल्याचें दिसलें. आमच्या चंद्रपूर-गडचिरोली भागांतही मानव विकास कार्यक्रमांतून मुलींना सायकली मिळाल्या. योजना चांगली आहे. पण ती मुलगी ज्या रस्त्यानें शाळेला जाते त्याच रस्त्यानें कोठें कोळसा जातो, तर आलापल्ली-आष्टीच्या बाजूला सुरजागडचें लोहखनिज जातें. मुलीला सायकल देणारें खातें एक आणि रस्ता करणारें खातें दुसरें. त्या दोहोंच्या मधल्या जागेंत ती एकटीच पायडल मारीत असते. स्वयंसेवकाची खरी जागा तीच आहे.

ह्या जिल्ह्याला सायकल आणि सेवा ह्यांचें नातें नवें नाहीं. वरोड्याच्या आनंदवनाहून बाबा आमटे ह्यांनीं 'भारत जोडो'ची हांक दिली, आणि १९८५ च्या डिसेंबरांत शंभरावर तरुणतरुणी कन्याकुमारीहून काश्मीरकडे सायकलींवर निघाल्या. पाठीच्या दुखण्यामुळें बाबांना बसवत नसे. ते गाडींत आडवे पडून त्यांच्याबरोबर गेले. १९८८ सालीं तसाच दुसरा प्रवास इटानगरहून ओख्यापर्यंत झाला. त्या यात्रांत सायकलची स्तुति हें प्रयोजनच नव्हतें. गांवोगांव थांबतां यावें, रस्त्यांत भेटणाऱ्याशीं त्याच्याच वेगानें बोलतां यावें म्हणून सायकल होती. प्रचारकाला ह्याहून चांगला धडा कोणता हवा?

मंडळाच्या तरुणांना मीं हें सर्व सांगितलें तेव्हां ते प्रथम हिरमुसले. "सर, मग आम्ही कांहीं करूंच नये काय?" असें एकीनें विचारलें. मीं म्हटलें, करावें, आणि आज करतां त्याहून अधिक करावें. दिवा व मागचा परावर्तक ह्यांची सोय करून द्यावी. तीही फुकट सल्ल्यासकट न देतां, सायकल दुरुस्त करणाऱ्याला हाताशीं धरून द्यावी. मालमोटारीच्या डाव्या कुशीला लगटून वळणावर उभें राहूं नये, कारण उंच बसलेल्या चालकाला तो कोपरा दिसत नाहीं, हें स्वारांना सांगावें. आणि तेंच चालकांना त्यांच्या चहाच्या टपरीवर जाऊन सांगावें. वेग दुप्पट झाला कीं धडकेचें बळ चौपट होतें, हा शाळेंतील पदार्थविज्ञानाचा नियम शाळेसमोरच्या रस्त्याला लागू करून घ्यावा. आणि सर्वांआधीं मोजावें : कोणत्या वेळीं किती सायकली जातात, कोठें स्वाराला डांबर सोडावें लागतें.

पुढच्या आठवड्यांत त्यांतील तिघांबरोबर मीही वही घेऊन पाळी सुटण्याच्या वेळीं वळणावर उभा राहिलों. एका संध्याकाळच्या मोजणीवरून सिद्धांत मांडूं नयेत, म्हणून आंकडे येथें देत नाहीं. मात्र डांबराची कड कोठें वीतभर खचली आहे आणि माणसें कोठें हमखास खालीं उतरतात, हें आम्हांला दिसलें. त्यावरून रस्त्याच्या खात्याकडे पाठवावयाचा अर्ज लिहावयास बसलों, तेव्हां पहिल्याच वाक्याशीं बराच वेळ गेला. मुलांनीं आरंभ केला होता, 'सायकलस्वार येथें पडतात'. तें खोडून आम्हीं लिहिलें, 'ह्या वळणावर रस्त्याची कड तुटलेली आहे'. अर्जाचें पुढें काय होईल तें होवो. रस्त्याला कर्त्याच्या जागीं आणण्यापुरतें माझें अध्यापन कामीं आलें.

स्पर्धेचीं बक्षिसें मात्र मीं नियमाप्रमाणेंच दिलीं. गठ्ठ्याबाहेरचें जें वाक्य मला सर्वांत सरस वाटलें, तें स्पर्धेसाठीं कोणी पाठविलेलें नव्हतें.