स्तन्यपानाचे ‘घटक’ : एका संशोधनपद्धतीचे परीक्षण

१

मातेने आपल्या अपत्यास अंगावर पाजणे ही गोष्ट इतकी स्वाभाविक मानली जाते, की तिच्या कारणांचा शोध घेण्याचे प्रयोजन काय, असा प्रश्न सामान्य वाचकास सहज पडावा. तथापि सर्व माता सर्व काळी सारख्या वागलेल्या नाहीत, हे इतिहासावरून उघड आहे. जन्मानंतर पहिल्या तासात बालकास अंगावर घ्यावे, सहा महिने निव्वळ मातेचे दूध द्यावे व पुढे पूरक अन्नाच्या जोडीने दोन वर्षे किंवा त्याहून अधिक काळ स्तन्यपान चालू ठेवावे, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. काही माता असे वागतात, काही वागत नाहीत. हे अंतर का पडते, हे सांगण्यासाठी देशोदेशींच्या अभ्यासकांनी ‘घटकां’च्या याद्या सिद्ध केल्या आहेत. मातेचे वय, शिक्षण, उत्पन्न, अपत्याचा क्रम, प्रसूतीचा प्रकार, नोकरी, पतीचे मत ही नावे त्यांत पुनःपुन्हा आढळतात.

या याद्या चुकीच्या आहेत असे प्रस्तुत लेखकाचे म्हणणे नाही. परंतु जे प्रश्नावलीत सहज मोजता येते त्यालाच कारण समजण्याची सवय त्यांतून बळावली आहे, आणि त्या सवयीचा भार अखेर मातेवर पडतो, असे दाखविता येते. मातेच्या अंगी असलेल्या गुणांची मोजदाद झाली, की उपाय म्हणून मातेला उपदेश करणे एवढेच हाती उरते. म्हणून हा पद्धतीचा प्रश्न व्यवहाराचाही प्रश्न आहे.

२

प्रथम शिक्षण हा घटक घेऊ. श्रीमंत देशांत अधिक शिकलेल्या माता अधिक प्रमाणात व अधिक काळ अंगावर पाजतात, असे सामान्यतः आढळते. अनेक गरीब व मध्यम उत्पन्नाच्या देशांत याच्या उलट चित्र दिसते. तेथे दरिद्री घरांतील माता दीर्घकाळ पाजतात आणि सुस्थितीतील घरांत वरचे दूध लवकर सुरू होते. एकाच घटकाचा परिणाम एका देशात अनुकूल व दुसऱ्या देशात प्रतिकूल होत असेल, तर त्या घटकास कारण म्हणणे तर्कास धरून होत नाही. शिक्षण येथे दुसऱ्या कशाचे तरी चिन्ह आहे. कोठे ते डब्यातील दूध विकत घेण्याच्या ऐपतीचे चिन्ह असते, तर कोठे दीर्घ रजा, मोकळा वेळ व जाणत्या सल्ल्याचा लाभ यांचे. चिन्हास कारण मानणे हा या संशोधनातील पहिला प्रमाद होय.

दुसरा घटक ‘अज्ञान’ अथवा ‘रूढी’. चीक टाकून देणे, पहिले दोन-तीन दिवस मध किंवा गुळाचे पाणी चाटविणे, बाळगुटी देणे या चालींचा निर्देश आपल्याकडील बहुतेक निबंधांत असतो. त्या चालींना दीर्घ परंपरा आहे. स्तन्य तिसऱ्या-चौथ्या दिवशी प्रवृत्त होते असे धरून तोवर बालकास मध व तूप देण्यास सुश्रुतसंहितेत सांगितले आहे. पण स्तन्यपानास बाध आणणारी रूढी केवळ आजीबाईंच्याच पदरी बांधणे न्याय्य ठरत नाही. न्यूझीलंडमधील डॉ. ट्रूबी किंग हे स्तन्यपानाचे कट्टर पुरस्कर्ते होते. १९०७ साली स्थापन झालेल्या त्यांच्या संस्थेचा प्रभाव इंग्रजी जगात दूरवर पोचला. तरीही घड्याळ पाहून ठराविक तासांनीच पाजावे व रात्री पाजू नये हा दंडकही त्यांनीच प्रचारात आणला. याच शतकात प्रसूतिगृहांनी नवजात बालके मातेपासून दूर, वेगळ्या दालनात ठेवण्याची पद्धत रूढ केली. ही रूढी विज्ञानाच्या नावाने आली, म्हणून तिची गणना कोणी ‘अज्ञाना’त करीत नाही.

३

या संशोधनातील सर्वांत उद्बोधक उत्तर मातांनी स्वतःच दिलेले आहे. वरचे दूध का सुरू केले, या प्रश्नास जगात जवळजवळ सर्वत्र मिळणारे उत्तर एकच : दूध पुरत नाही. कित्येक अभ्यासक हे उत्तर जसेच्या तसे कारणाच्या रकान्यात लिहून घेतात. शरीरशास्त्र मात्र वेगळे सांगते. बालकाच्या चोखण्याने प्रोलॅक्टिन व ऑक्सिटोसिन ही संप्रेरके स्रवतात. पहिल्याने दूध तयार होते, दुसऱ्याने पान्हा सुटतो. स्तन जितके रिते होतात तितके दूध पुन्हा तयार होते. वेदना व चिंता यांनी पान्हा अडतो. तेव्हा मूल रडते म्हणून वरचे दूध दिले, की चोखणे कमी होते. चोखणे कमी झाले, की दूध खरोखरच आटते. मातेचे उत्तर मग सत्य ठरते, परंतु ते सत्य वरच्या दुधाने घडविलेले असते. कारण व परिणाम यांची अशी अदलाबदल झाली असता एकाच भेटीत घेतलेली प्रश्नावली त्यांचा क्रम लावू शकत नाही.

काही मातांस शारीरिक कारणाने दूध खरोखर अपुरे येते, हे येथे विसरता कामा नये. परंतु अशा मातांची संख्या हे उत्तर देणाऱ्या मातांच्या मानाने फारच थोडी असते. उरलेल्या उत्तरांत थकवा, एकाकीपणा, जखमेची वेदना आणि ‘बाळ वाळले’ हे नातलगांचे बोल दडलेले असतात. त्यांचा उलगडा करणे हेच अभ्यासकाचे खरे काम होय.

४

मातेचे गुण तेच ठेवून तिच्याभोवतीची संस्था तेवढी बदलली तर काय होईल, या प्रश्नाचे उत्तर एका प्रयोगाने दिले आहे. १९९६-९७ साली बेलारूसमध्ये मायकेल क्रेमर व त्यांच्या सहकाऱ्यांनी ३१ प्रसूतिगृहांची चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गटांत विभागणी केली. एका गटातील प्रसूतिगृहांनी जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या ‘शिशुस्नेही रुग्णालय’ योजनेनुसार आपला परिपाठ बदलला. दुसऱ्या गटात पूर्वीचाच क्रम चालू राहिला. १७,००० हून अधिक माता-बालकांच्या जोड्यांचा पाठपुरावा झाला. तिसऱ्या महिन्यात निव्वळ स्तन्यपानाचे प्रमाण पहिल्या गटात ४३.३ टक्के, तर दुसऱ्यात अवघे ६.४ टक्के आढळले. दोन्ही गटांतील मातांची वये, शिक्षण व स्थिती सारखीच होती. वेगळे होते ते त्यांना मिळालेल्या सेवेचे वळण.

आपल्या देशातील आकडे याच दृष्टीने वाचावेत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार २०१५-१६ साली ७८.९ टक्के प्रसूती संस्थांत झाल्या, आणि २०१९-२१ मध्ये हे प्रमाण ८८.६ टक्क्यांवर गेले. याच काळात पहिल्या तासात अंगावर घेतलेल्या बालकांचे प्रमाण ४१.६ वरून केवळ ४१.८ टक्क्यांवर सरकले. ‘प्रसूतीचे स्थान’ हा घटक यादीत लिहून थांबणाऱ्यास या विसंगतीचा अर्थ लागणार नाही. जन्म रुग्णालयात झाला एवढ्याने काही ठरत नाही. नाळ कापल्यावर मूल कोणाच्या हाती जाते, शस्त्रक्रियेनंतर मातेस कोण आधार देते, रात्रपाळीस किती परिचारिका असतात, यांवर तो पहिला तास अवलंबून असतो. याच अवधीत निव्वळ स्तन्यपान मात्र ५४.९ वरून ६३.७ टक्क्यांपर्यंत वाढले, ही गोष्टही ध्यानात घ्यावी. सल्ल्यास प्रतिसाद देणारी माता तीच आहे. अडसर प्रसूतीच्या खोलीत आहे.

५

घरोघरच्या प्रश्नावलीत जो घटक मुळीच उमटत नाही तो बाजार. १९३९ साली सिंगापूर येथील एका व्याख्यानात डॉ. सिसिली विल्यम्स यांनी गोड आटवलेले दूध बालकांचे अन्न म्हणून खपविण्याच्या प्रचारास हत्येची उपमा दिली. १९७४ साली माइक मुलर यांच्या पुस्तिकेने हाच प्रश्न पुन्हा ऐरणीवर आणला. १९८१ साली जागतिक आरोग्य सभेने मातेच्या दुधास पर्याय म्हणून विकल्या जाणाऱ्या पदार्थांच्या विक्रीविषयी आचारसंहिता संमत केली. ११८ राष्ट्रांनी तिच्या बाजूने मत दिले. विरुद्ध मत एकट्या अमेरिकेचे पडले. भारताने १९९२ साली कायदा करून अशा जाहिरातींस बंदी घातली व २००३ साली तो अधिक कडक केला. जाहिरात मातेच्या मनात शंका म्हणून वास करते आणि प्रश्नावलीत ‘दूध पुरत नाही’ या शब्दांनीच प्रकट होते.

‘लॅन्सेट’ या नियतकालिकाने २०१६ साली प्रसिद्ध केलेल्या लेखमालेतील नायजेल रॉलिन्स प्रभृतींची मांडणी या दृष्टीने मोठी पुढची पायरी आहे. त्यांनी समाज व बाजार हा एक स्तर, आरोग्यसेवा, कुटुंब व कामाची जागा हा दुसरा, आणि माता व बालक हा तिसरा, असे तीन स्तर कल्पिले. परंतु आकृतीत स्तर एकावर एक रचले म्हणजे त्यांचे परस्परांवरील वजन कळले असे होत नाही. पुढील संशोधकांनी ही आकृती बहुधा प्रास्ताविकात उद्धृत केली, आणि प्रत्यक्ष आकडेमोडीत तिसऱ्या स्तरावरच समाधान मानले.

६

मुंबई इलाख्याने १९२९ साली प्रसूतिलाभाचा कायदा केला. त्यापूर्वी १९२८ साली विधिमंडळात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्या विधेयकास पाठिंबा देताना, मातेची विश्रांती हे राष्ट्राचे हित आहे, म्हणून तिचा भार बऱ्याच अंशी सरकारने उचलावा, अशी भूमिका घेतली होती. १९६१ च्या केंद्रीय कायद्याने मूल १५ महिन्यांचे होईपर्यंत कामाच्या वेळात पाजण्यासाठी दोन सुट्या दिल्या, आणि २०१७ च्या दुरुस्तीने रजा २६ आठवड्यांची झाली. पण शेतात, बांधकामावर वा घरकामावर जाणाऱ्या बहुसंख्य स्त्रियांपर्यंत हे लाभ पोचलेले नाहीत. त्यांच्या नावापुढे ‘नोकरी नाही’ असेही लिहिले जाते, आणि मग नोकरीचा परिणाम आढळला नाही असा निष्कर्ष निघतो.

ब्राझीलचे उदाहरण आशादायक आहे. तेथे स्तन्यपानाचा मध्यक काल १९७० च्या दशकात २.५ महिने होता. २००६-०७ पर्यंत तो १४ महिन्यांवर गेला. १९८१ चा राष्ट्रीय कार्यक्रम, १९८८ च्या संविधानातील १२० दिवसांची प्रसूतिरजा, विक्रीवरील निर्बंध व दुग्धपेढ्यांचे विस्तृत जाळे ही सर्व या काळात एकत्र आली. यांपैकी नेमका वाटा कोणाचा, हे वेगळे काढणे कठीण आहे. कदाचित ते वेगळे काढण्याचा हट्टच अस्थानी असावा.

या विवेचनावर एक आक्षेप संभवतो. सर्व काही परिस्थितीवर ढकलले तर मातेच्या स्वतंत्र इच्छेचे काय? आक्षेप महत्त्वाचा आहे. परंतु जिला रजा नाही, आधार नाही व खरी माहिती नाही, तिच्या वर्तनास ‘निर्णय’ म्हणणे हा त्या इच्छेचा गौरव होत नाही. आणि सर्व सोयी असूनही जी माता न पाजण्याचे ठरविते, किंवा जिला पाजणे शक्य होत नाही, तिला दोष देण्याचा अधिकार कोणत्याही सारणीने अभ्यासकास दिलेला नाही.

पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी या विषयावर प्रबंध हाती घेताना मातांची प्रश्नावली अवश्य करावी. पण तिच्या जोडीला प्रसूतिगृहाचा परिपाठ, मालकाच्या रजेची नोंदवही आणि कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानातील मांडणी यांचीही पाहणी करावी.