फळ्यावरचा भाव आणि रिकामा डबा

चाळीतला कांदा आज काढायचा की अजून ठेवायचा, हे ठरवायला तात्यांना घोडेगावच्या लिलावाचा भाव हवा होता. त्यांनी फोनवर पान उघडलं. वर हिरवी पट्टी आली आणि मधे एक चक्र फिरत राहिलं. "भाव कुठंय यात?" तात्यांनी विचारलं. मी गप्प. ते पान मीच लिहिलं होतं, एका कंपनीसाठी.

त्या पानाचा सोर्स बघितला तर आत भाव नाहीच. 'रूट' नावाचा एक रिकामा डबा आणि जावास्क्रिप्टची फाईल, एवढंच. फोननं आधी ती फाईल उतरवायची, मग चालवायची. मग ती फाईल परत सर्व्हरकडे भाव मागायला जाणार, आणि तो आला की फोनच तक्ता काढणार. याला क्लायंट-साइड रेंडरिंग म्हणतात. यातली एक पायरी अडली की समोर फक्त चक्र.

ही पद्धत मुळातच वाईट आहे असं नाही. २००५ मध्ये गुगल मॅप्स आलं, तेव्हा पान पुन्हा लोड न करता नकाशा बोटासरशी सरकला, तो याच वाटेनं. नकाशा, स्प्रेडशीट, चित्रं काढायचं साधन, जिथे माणूस तासभर काम करतो, तिथे ती हवीच. पण २०१३ मध्ये रिअ‍ॅक्ट सर्वांसाठी खुलं झालं आणि पुढे आम्ही साधी वाचायची पानंही तशीच बांधायला लागलो. सवय झाली, नोकरीच्या जाहिरातीतही तेच मागितलं जायचं. शिवाय आमची चाचणी ऑफिसच्या लॅपटॉपवर, ऑफिसच्या वायफायवर. तिथे चक्र दिसायच्या आत तक्ता यायचा.

भावाचा तक्ता म्हणजे काय? कमीत कमी, जास्तीत जास्त, सर्वसाधारण. लिलाव झाला की तो सगळ्यांसाठी सारखाच. मार्केटमधल्या फळ्यावर तो एकदा लिहितात आणि येणारा प्रत्येक जण वाचतो. आम्ही मात्र प्रत्येकाच्या हातात कोरा फळा आणि खडू देत होतो. सर्व्हरचं काम हलकं झालं, असं आम्ही मीटिंगमध्ये सांगितलं. ते काम तात्यांच्या चार वर्षं जुन्या फोनवर गेलं होतं, हे कुणीच सांगितलं नाही. मीही नाही.

मराठी विकिपीडियाचा लेख जावास्क्रिप्ट बंद करून उघडून बघा. मजकूर तसाच वाचता येतो, कारण तो सर्व्हरकडून तयार होऊनच येतो. नेटवर्क मंद असलं तरी वरच्या ओळी आधी दिसतात.

नंतर मी ते पान बदललं. आता लिलावानंतर सर्व्हर तक्ता एकदाच तयार करतो आणि तोच सगळ्यांना पाठवतो. तालुका निवडायची यादी तेवढी अजून जावास्क्रिप्टवर आहे. ती नाही चालली तरी भाव दिसतो.

तात्यांना यातलं काही सांगितलं नाही. परवा त्यांनी भाव बघितला, फोन खिशात टाकला आणि म्हणाले, "राहू दे चाळीतच."